पाणी उपसून राखलेलं बेट

पुणे, निघायच्या आधी

"आई, या वेळी नायगारा नको. तो तू दोनदा पाहिलास. तुला एक बेट दाखवते. २३० माणसांचं गाव आहे," लेक फोनवर म्हणाली, तेव्हा मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत याच्या तिप्पट माणसं राहतात. एवढ्याशा माणसांत गाव कसं चालतं, किराणा कुठून येतो, रात्रीअपरात्री कुणी आजारी पडलं तर काय करतात, हे मनात घोळवतच रात्री मी तिनं पाठवलेला नकाशा उघडला.

नकाशे हे माझं पोटापाण्याचं काम. पाटबंधारे खात्यात मी ३२ वर्षं नोकरी केली, आधी अनुरेखक म्हणून आणि पुढे आरेखक म्हणून. कालव्यांचे आडवे छेद, उभे छेद, चाऱ्या, बांध, सगळं ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं. त्यामुळे नकाशा समोर आला की गावांच्या नावांआधी माझी नजर रेघांवर जाते. या बेटाचा काठ पाण्यानं कुरतडलेला, वाकडातिकडा होता, पण पोटात पट्टी लावून ओढावेत तसे सरळ चर होते. चहूबाजूंनी गोड्या पाण्याचं सरोवर असताना शेतीला पाणी आणायला कुणी एवढे चर खणणार नाही. हे चर पाणी बाहेर काढायचे आहेत, हे मला इथे बसूनच कळलं, आणि तेव्हापासून मला ते बेट बघायचंच होतं.

गोखलेनगरला ताईला सांगितलं, तर तिला नाव ऐकून वाटलं पिवळं बेट असेल. बेटाचं नाव पीली, कॅनडातल्या ईरी सरोवरातलं. पण त्याचा पिवळ्याशी संबंध नाही. मूळ शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ बोडकं. समोरच्या मुख्य भूमीच्या एका टोकाचा पूर्व काठ झाडांवाचून उघडा होता, म्हणून फ्रेंचांनी त्या टोकाला हे नाव दिलं, आणि बेटालाही तेच चिकटलं.

पहिला दिवस

लेक आणि जावई कॅनडात विंडसरला राहतात. नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट आहे. दोन्हीकडे मोटारींचा धंदा, त्यामुळे चिंचवड-भोसरीत उमेदवारी केलेली मराठी मुलं इथे बरीच भेटतात. आमचे जावईही त्यातलेच.

सकाळी निघालो. बोटीला वेळ होता म्हणून लेमिंग्टनपर्यंत पुढे जाऊन आलो. काचेची हरितगृहं संपता संपत नाहीत. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची. गावात माहिती केंद्राची टपरीच मुळी मोठ्या टोमॅटोच्या आकाराची आहे. नातू नऊ वर्षांचा, त्याला तिच्यासमोर फोटो हवा होता, तो काढला आणि किंग्जव्हिलच्या धक्क्यावर आलो.

बोटीचं नाव पीली आयलंडर टू. चिलीत बांधलेली, २०१८ मध्ये इकडे आलेली, ३४ गाड्या आणि ३९९ माणसं घेणारी. म्हणजे सगळं गाव एका खेपेत बसेल आणि तरी दीडशेवर जागा उरतील. दुसऱ्या, जुन्या बोटीचं नाव जीमान आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या ओजिब्वे भाषेत जीमान म्हणजे होडी.

आम्ही वर डेकवर बसलो होतो, पण मला जास्त बघावंसं वाटलं ते खाली, गाड्यांच्या मजल्यावर. आमच्यासारखे फिरायला आलेले लोक गाडी लावून लगेच वर गेले. बेटावरचे लोक मात्र आपापल्या गाडीपाशी गप्पा मारत उभे राहिले. एका ट्रकमध्ये गादी, दोन टायर, कुत्र्याच्या खाण्याची पोती आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत महिन्याचा किराणा होता. एक बाई दुसरीला औषधाची पिशवी देत होती. तिसऱ्या कुणासाठी तरी ती नेऊन पोचवायची होती. कोकणात एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायचे, त्याची आठवण आली.

ईरी हे पाच मोठ्या सरोवरांपैकी सगळ्यांत उथळ. सरासरी खोली १९ मीटर, आणि हा पश्चिमेकडचा भाग तर त्याहूनही उथळ. त्यामुळे वारा सुटला की इथे लाटा लवकर उठतात, आखूड आणि एकामागून एक. आज पाणी शांत होतं. दीड तासानं बेट दिसलं ते पाण्यावर ठेवलेल्या हिरव्या पट्टीसारखं. डोंगर नाही, टेकडी नाही. वेस्ट डॉकला उतरून गाडी रस्त्याला लागली, तर समोरून येणाऱ्या पहिल्याच माणसानं स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून आम्हाला नमस्कार केला. पुढच्यानंही केला. मग जावईही करायला लागले. मुक्कामाच्या घरापर्यंत सात गाड्या भेटल्या आणि सातही जणांनी हात केला.

घर पश्चिम काठावर. घरमालकीण साठीच्या पुढची, शेजारच्याच घरात राहणारी. तिनं स्वयंपाकघर दाखवलं, टॉर्च कुठे आहे ते दाखवलं, आणि म्हणाली, "गाडी हळू चालवा. या दिवसांत साप ऊन खायला रस्त्यावर येतात." सरोवरात सूर्य बुडेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो होतो.

दुसरा दिवस

सकाळी पोहे करून निघालो. नातवाला भाड्याची सायकल मिळाली होती. तो पुढे आणि आम्ही मागे गाडीतून सावकाश.

बेट फार मोठं नाही, सगळं मिळून ४२ चौरस किलोमीटरच्या आसपास. पण मधल्या भागात शिरल्यावर आकाश एकदम मोठं झालं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं आणि रस्त्याला लागून कालवा. मी गाडी थांबवायला सांगितली. कालव्याच्या काठावर उभी राहिले आणि पाणी कुठे वाहतंय ते पाहिलं. गवताची एक काडी टाकली, ती अगदी सावकाश निघाली. उतार जवळजवळ नाहीच. असा कालवा काढणं अवघड असतं. उतार असला की पाणी आपण होऊन जातं. सपाटीवर दर शंभर मीटरला तलांक, म्हणजे तळाची उंची, सांभाळावा लागतो, नाहीतर पाणी जागीच साचतं. ज्यांनी हे खणलं त्यांना काम कळत होतं.

पुढे बांध लागला. मी वर चढले. एका बाजूला ईरी सरोवर आणि दुसऱ्या बाजूला सोयाबीनचं शेत. आणि शेत खाली होतं. नजरेनं मापलं तर सरोवराचं पाणी शेताच्या कमरेवर होतं. मध्ये फक्त हा मातीचा भराव आणि काठाला टाकलेले दगड.

मी तिथे बराच वेळ उभी होते. लेकीनं विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" मला बरं वाटत होतं. पण असा छेद मी आयुष्यभर कागदावर काढला होता आणि त्यातली पाण्याची रेघ नेहमी धरणाच्या आतल्या बाजूला असायची. पाण्याच्या पातळीखाली उभं राहून कुणी सोयाबीन काढतंय, हे मी पहिल्यांदा बघत होते.

आणि १२ जुलै १९६१ आठवला. मी सात वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, वाड्यात पहिल्या मजल्यावर. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासलाही गेलं. "पाणी आलं, पाणी आलं" असा ओरडा झाला तेव्हा आईच्या हातात कणकेची परात होती. ती तिनं तशीच खाली ठेवली. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं, ताईनं आईचा पदर धरला, आणि आम्ही चढाच्या दिशेनं पळालो. परत आलो तेव्हा जिन्याच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती. त्या रेघेखाली सगळं करडं आणि वर आमच्या भिंतींचा निळा रंग तसाच. रेघ कितव्या पायरीशी होती यावर ताईचं आणि माझं आजपर्यंत एकमत झालेलं नाही. पुढे वाडा पाडला. आम्ही गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या अर्धगोल निसेन हटमध्ये राहायला गेलो. मी पाटबंधारे खात्यात नोकरी धरली तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

कालव्याच्या शेवटी पंपघर आहे. साधी बैठी इमारत. एक माणूस लांब दांड्याच्या दाताळ्यानं जाळीवर अडकलेलं शेवाळ आणि काड्या ओढून काढत होता. मी कोण, कुठली, हे लेकीनं त्याला सांगितलं. पुण्याचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं, पण मी कालव्यांचे नकाशे काढायचे म्हटल्यावर त्यानं दाताळं भिंतीला टेकवलं आणि आम्हाला आत नेलं.

शेतात जमिनीखाली भोकांच्या नळ्या पुरलेल्या असतात. जादा पाणी त्यांतून चरात, चरातून मोठ्या कालव्यात आणि कालव्यातून इथे येतं. इथून पंप ते उचलतो आणि बांधापलीकडे सरोवरात टाकतो. पाऊस जास्त झाला, वसंतात बर्फ वितळलं की पंप दिवसरात्र चालतात. मी विचारलं, पंप बंद पडला तर? तो म्हणाला, दुसरा असतो. दोन्ही बंद पडले तर? तेव्हा त्यानं बांधाकडे नाही, शेताकडे हात केला आणि म्हणाला, "मग हे परत तळं होईल. आधी तळंच होतं." २०१९ च्या उन्हाळ्यात ईरी सरोवरानं विक्रमी उंची गाठली होती. त्या वर्षाबद्दल तो जास्त बोलला नाही. रात्री जोराचा वारा सुटला की आपण उठून बांधावर चक्कर मारून येतो, एवढंच म्हणाला. नीरा खोऱ्यातल्या आमच्या जुन्या पाटकऱ्यांची मला आठवण झाली. पाणीपाळी चालू असली की ते कालव्याच्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगायचे. यालाही पंपाचा आवाज थांबला की झोपेतून जाग येते.

तळं होतं हे खरंच. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हे एक बेट नव्हतंच म्हणायला हवं. चुनखडीच्या खडकाचे काही उंचवटे आणि त्यांच्या मधोमध दलदल. १८८० च्या दशकात ती खरेदी करून वाफेवरच्या यंत्रांनी कालवे खणले, बांध घातले, पंप बसवले. पाणी हटल्यावर खालून काळी कसदार जमीन निघाली. तीत लोकांनी तंबाखू घेतला, पुढे गहू, मका, सोयाबीन. उंचवट्यांवर द्राक्षं त्याआधीपासून होती. अमेरिकेतल्या केंटकीहून आलेल्या तिघांनी १८६६ मध्ये इथे व्हिन व्हिला नावानं द्राक्षमळा आणि वाइनघर काढलं. ते कॅनडातलं पहिलं मोठं वाइनघर मानतात. आता उत्तर टोकाला त्याचे दगडी अवशेष उरलेत. कॅनडासारख्या थंड देशात द्राक्षं कशी, तर सरोवरामुळे. उन्हाळ्यात तापलेलं पाणी उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतं आणि शरदातली हिमतुषारांची पहिली रात्र लांबते. आजही इथे द्राक्षांचे मोठे मळे आहेत. नाशिककडच्या मांडवांची सवय असलेल्या डोळ्यांना तारांवर उभ्या ओळींत चढवलेल्या या वेली बुटक्या वाटतात.

दुपारी धक्क्याजवळच्या जुन्या टाउन हॉलमधलं संग्रहालय पाहिलं. तिथे एक नोंद मी वहीत उतरवून घेतली. १७८८ मध्ये ओजिब्वे आणि ओडावा लोकांच्या प्रमुखांनी हे बेट टॉमस मॅकी यांना ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलं. भाडं वर्षाला तीन बुशेल मका. आपल्या हिशेबात पाऊण क्विंटल. एवढ्या खंडात आमच्या मामांनी कुळाला दोन गुंठेसुद्धा दिले नसते. पुढे १८२३ मध्ये विल्यम मॅकॉर्मिक यांनी मॅकी घराण्याकडून बेट घेतलं आणि १८३४ मध्ये ते कुटुंबासह इथे राहायला आले. आजच्या बेटावरच्या वस्तीची गोष्ट सगळे तिथून सांगायला लागतात. पण बेटावर माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून येत-जात, मासे धरत, राहत होती. तो मका मला विसरता येत नाही.

संध्याकाळी दुकानात गेलो. दूध, पाव, बटाटे, गोठवलेले मासे. ईरीतले वॉलाय आणि पर्च हे मासे इथे आवडीनं खातात. दुकानदारानं नातवाला नाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या लक्षात होतं.

तिसरा दिवस

दक्षिण टोकाला फिश पॉइंट आहे. झाडीतून चालत जायचं. पायाखाली वाळू, डोक्यावर पक्षी. अर्ध्या तासानं झाडी संपते आणि वाळूची एक जीभ सरोवरात शिरते, पुढे पुढे अरुंद होत पाण्यात नाहीशी होते. वस्ती असलेल्या कॅनडाचा हा सगळ्यांत दक्षिणेकडचा भाग. याच्याही दक्षिणेला मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे, पण तिथे कुणी राहत नाही.

वाळूत मला निवडुंग दिसला. फड्या निवडुंग, आपल्या सासवड-जेजुरीच्या माळावर असतो तसाच, फक्त जमिनीला चिकटून पसरलेला. मी खाली बसून हात लावून पाहिला. काटे तसेच. जिथे तीन महिने बर्फ पडतं तिथे हा जगतो, याचा मला फार आनंद झाला. लेकीला म्हटलं, याचा फोटो आधी ताईला पाठव.

परतताना एका झाडाच्या फांदीवर वाळकी पानं दिसली. नातू जवळ गेला आणि ती सगळी उडाली. मोनार्क फुलपाखरं होती. सप्टेंबरात ती कॅनडातून निघून मेक्सिकोपर्यंत जातात आणि सरोवर ओलांडण्याआधी अशा टोकांवर थांबून वारा अनुकूल व्हायची वाट बघतात. नातू पुढची दहा मिनिटं श्वाससुद्धा हळू घेत होता. पक्ष्यांचंही तसंच. वसंतात उत्तरेला जाताना आणि शरदात परतताना ते या बेटावर टेकतात. २००३ पासून इथे पक्षीनिरीक्षण केंद्र आहे. ते पक्षी धरून पायात कडी घालतात, वजन करतात, सोडून देतात.

याच दक्षिण काठाजवळ १८३८ मध्ये लढाई झाली. सरोवर गोठलेलं होतं. पलीकडच्या काठावरून, अमेरिकेतल्या ओहायोकडून, कॅनडातली ब्रिटिश सत्ता उलथवायला निघालेले सशस्त्र लोक बर्फावरून चालत आले आणि त्यांनी बेट घेतलं. ३ मार्चला ब्रिटिश सैनिकही मुख्य भूमीवरून बर्फावरूनच आले आणि बर्फावरच गोळीबार झाला. आज त्याच जागी लाटा वाळूवर येत होत्या.

परत येताना स्टोन रोडच्या बाजूचा माळ पाहिला. खडकावर वीतभर माती आणि त्यावर खुरटं गवत, खुरटी झाडं. जिथे दलदल नव्हती तिथे बेटाची हाडं अशी होती. ब्लू रेसर हा निळसर साप साऱ्या कॅनडात फक्त या बेटावर आढळतो. बिनविषारी, आपल्या धामणीसारखा लांब आणि चपळ. आम्हाला तो दिसला नाही. जावयांनी मात्र येता-जाता गाडी वीसच्या पुढे नेली नाही.

रात्री घरमालकिणीला जेवायला बोलावलं. मी पुण्याहून भाजणी नेली होती, तिची थालीपीठं केली, वर लोणी. तिनं तीन खाल्ली आणि मग हिवाळ्याबद्दल बोलली. डिसेंबरच्या मध्याला बोट बंद होते ती मार्चअखेरीपर्यंत. तोवर विंडसरहून छोटं विमान येतं, हवा बरी असेल तर. किराणा विमानानं, टपाल विमानानं, दवाखान्यात जायचं तर विमानानं. उन्हाळ्यात बंगलेवाले येतात तेव्हा बेटावर माणसं कितीतरी पटीनं वाढतात. ते गेले की कोणाच्या घरात दिवा लागतो ते खिडकीतून मोजता येतं. शाळेत मुलं बोटांवर मोजण्याइतकी. आठवी झाली की पुढच्या शिक्षणाला मुख्य भूमीवर कुणाच्या तरी घरी राहायचं. "तेरा वर्षांचं पोर बोटीवर चढवताना आम्ही हसतो," ती म्हणाली, "आणि घरी येऊन त्याच्या खोलीचं दार लावून घेतो." माझी लेक अठराव्या वर्षी शिकायला मुंबईला गेली, तेव्हा मी दर शनिवारी डेक्कन क्वीनला स्टेशनवर जायचे. मी तिला ते सांगितलं. मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. लेक भांडी घासत होती.

गावाला महापौर आहे, उपमहापौर आहे, तीन सभासद आहेत. २३० माणसांमागे पाच लोकप्रतिनिधी. आजूबाजूच्या एसेक्स जिल्ह्याच्या कारभारापासून गाव वेगळं आहे. रस्ते, पाणी, बांध, सगळं आपलं आपण बघतात. शरदात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो. फेझंट म्हणजे मोर-तित्तिरांच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी. ही शिकार १९३२ पासून चालत आलेली आहे. पक्षी गावच्या फार्मवर वाढवून सोडतात आणि परवान्याचे पैसे गावच्या तिजोरीत जातात. मला शिकार आवडत नाही आणि ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही नाही. पण त्या दिवसांत मी शिकाऱ्यांच्या न्याहारीची अंडी तळते." त्या पैशातून काय काय होतं ते तिनं सांगितलं. मी ऐकून घेतलं. माझं मत बदललं नाही, पण तिच्या ठिकाणी मी असते तर मीही अंडी तळली असती.

चौथा दिवस

आज परतायचं होतं. पहाटे वाऱ्यानं जाग आली. खिडकीची तावदानं थरथरत होती आणि सरोवर चहाच्या रंगाचं झालं होतं. आठ वाजता निरोप आला, बोट रद्द.

जावयांनी ऑफिसला कळवलं. नातवाला शाळा बुडाल्याचा आनंद. मी घरमालकिणीला विचारलं, आम्हाला खोली अजून एक दिवस मिळेल का. ती म्हणाली, तुम्ही जाणार कुठे? तिनं पैसे घेतले नाहीत. दुपारपर्यंत तीन घरांतून खाणं आलं: भोपळ्याचं सूप, पाव, आणि पंपघरातल्या त्या गृहस्थांकडून पिशवीभर टोमॅटो. आम्ही अडकलोय हे त्यांना कुणी सांगितलं, हे लेक विचारत बसली. बेटावर आज बोट नाही आणि वेस्ट शोअरला विंडसरची गाडी उभी आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

मी टोमॅटोचं सार केलं, डबा भरला आणि संध्याकाळी आम्ही पंपघराकडे गेलो. ते तिथे होते. वाऱ्यानं सरोवराचं पाणी या काठाला लोटलं होतं आणि लाटा बांधाच्या दगडांवर आपटत होत्या, तुषार आमच्या अंगावर येत होते. पलीकडे सोयाबीन निवांत उभं. आतल्या पंपाचा एकसारखा घुमल्यासारखा आवाज पायांतून जाणवत होता. मला भीती वाटली. त्यांच्या हातात विजेरी होती आणि ते बांधाचा पाया बघत चालत होते. कुठे ओल दिसते का, माती मऊ लागते का. आमच्या खात्यात याला गस्त म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर शंभरेक पावलं चालले आणि एका ठिकाणी वाकून माती दाबून पाहिली. कोरडी होती. त्यांनी मान हलवली.

पाचवा दिवस

वारा पडला. बोट दुपारची. सकाळी उत्तर-पूर्वेच्या टोकाला दीपस्तंभ पाहिला. १८३३ चा, चुनखडीच्या दगडाचा. १९०९ मध्ये विझला, पुढे ढासळत गेला, आणि २००० साली लोकांनी त्याची डागडुजी केली. आता त्यात दिवा नाही. तरी उभा आहे.

धक्क्यावर घरमालकीण आली होती. मी तिला उरलेली भाजणी दिली आणि कृती लेकीकडून लिहवून दिली. बोट सुटली तेव्हा डेकवर न जाता मी खाली गाड्यांच्या मजल्यावर उभी राहिले.

पुणे

परत आल्यावर जुन्या पेटीतून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली. शाईची पेनं वाळली होती, ती कोमट पाण्यात दोन दिवस ठेवली. मग जेवणाच्या टेबलावर बेटाचा आडवा छेद काढला. डावीकडे सरोवर, मग बांध, मग चर, शेत, कालवा, पंपघर, पुन्हा बांध. सरोवराची रेघ निळी, शेताची काळी. मोजमाप घेतलेलं नव्हतं, म्हणून खाली "प्रमाणात नाही" असं लिहिलं.

ताई रविवारी आली. चष्मा लावून तिनं कागद नीट पाहिला. निळ्या रेघेवर बोट ठेवलं, मग काळ्या रेघेवर. "पाणी वर आणि माणसं खाली," ती म्हणाली. "आणि झोप लागते त्यांना?" मी तिला पंपाच्या आवाजाचं सांगितलं. रात्रीच्या गस्तीचं सांगितलं, सूप आणि टोमॅटोंचं सांगितलं. ती काही बोलली नाही. चहा पिऊन झाल्यावर तिनं माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत हळूहळू एक जिना काढला. आमच्या वाड्याचा. पायऱ्या मोजत मोजत काढल्या, आणि तेराव्या पायरीशी भिंतीवर आडवी रेघ मारली.

मी साठ वर्षं अकरावी म्हणत आले होते. तिच्या रेघेवरून मी शाई फिरवली.